खुराडं कोंडू नका, कोरडं ठेवा

वाचकाचं पत्र

गोदाकाठच्या वस्तीवर आमच्या अठ्ठावीस कोंबड्या आहेत, निम्म्या गावरान आणि निम्म्या गिरिराज. गेल्या वर्षी थंडी वाढल्यावर पत्र्याचं खुराडं आम्ही प्लास्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी बंद केलं. तरी कोंबड्या शिंकायला लागल्या, डोळे-तोंड सुजलं आणि चार मेल्या. डिसेंबरभर अंडीही जेमतेम तीन-चार मिळायची. यंदा सासूबाई म्हणतात, रात्री खुराड्यात निखाऱ्यांची पाटी ठेवा. मुलगा म्हणतो, रात्रभर बल्ब लावू. नोव्हेंबरात पन्नास पिल्लं आणायचंही घरात घाटतंय. काय करावं?

– एक वाचक भगिनी, निफाड तालुका

उत्तर

ताई, तुमच्या कोंबड्यांना थंडी बाधली असं मला वाटत नाही. बाधला असेल तर तो प्लास्टिकचा कागद.

कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या वर ऊब असते आणि ती धरून ठेवायला पिसांचा कोट असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, आपण कानटोपी शोधतो. पण वाढलेली, पोट भरलेली आणि अंगाने कोरडी कोंबडी त्या रात्री निवांत काढते. पिसं फुगवते, मान पंखात घालते, शेजारणीला चिकटून बसते. पिसं ओलसर झाली किंवा अंगावर सरळ वाऱ्याचा झोत आला, तर मात्र त्या कोटाचा काही उपयोग राहत नाही.

आता तुमच्या बंद खुराड्याचा हिशोब करू. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. अठ्ठावीस कोंबड्यांचं सहा-सात लिटर झालं. अंड्यात जातं तेवढं सोडलं तर ते सगळं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं आणि त्यातला मोठा वाटा रात्रभर खुराड्यातच राहतो. गार पत्र्याला ती वाफ लागते, पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब कोंबड्यांच्या पाठीवर गळतं. खाली ओली विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. हा वायू श्वासनळीच्या आतलं बारीक केसांसारखं आवरण निकामी करतो. धूळ आणि जंतू अडवण्याचं काम तेच आवरण करत असतं. ते गेलं की सर्दीच्या जंतूंना मोकळं रान. शिंका, डोळे-तोंड सुजणं हे तुम्ही लिहिलं आहेच. पत्रावरून निदान करू नये हे मान्य, पण लक्षणं संसर्गजन्य सर्दीकडे बोट दाखवतात. तिच्याच जोडीला श्वसनाचा जुनाट आजारही येतो.

तुमच्या भागात हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. कांदा चाळीत हवा खेळती का ठेवता? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कांदा आठ दिवसांत पाणी सोडतो. खुराड्याचंही तसंच समजा.

मग करायचं काय? जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतची बाजू भरीव करा: विटा, फळ्या, जुना पत्रा, हाताशी असेल ते. त्याच्या वर जाळी. आणि छताच्या अगदी खाली, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना, वीतभर उंचीची फट कायम उघडी ठेवा. कितीही थंडी पडली तरी ती बुजवायची नाही. ओली, गरम हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर पडते. कोंबड्या बसतात त्या उंचीला वारा लागता कामा नये, त्यांच्या डोक्यावरून तो खुशाल जाऊ दे.

जाळीला पडदा बारदानाचा लावा. प्लास्टिक नको, बारदानातून हवा झिरपते. पण पडदा बांधायची रीत महत्त्वाची आहे. बहुतेक लोक तो वरून खाली सोडतात. तुम्ही खालची कड भरीव भिंतीला पक्की करा आणि वरच्या कडेला दोरी लावून पडदा खालून वर ओढा. म्हणजे तो अर्धा ओढला तरी खालची बाजू झाकलेली आणि वरची उघडी राहते. वरून सोडलेल्या पडद्याचं नेमकं उलटं होतं. खाली पायाशी झोत आणि वर वाफ कोंडलेली. थंडीतला वारा आपल्याकडे बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, त्या दोन बाजूंचे पडदे रात्री वर घ्या. सकाळी ऊन आलं की सगळे खाली. पत्र्यावर उसाचं पाचट चांगलं हातभर जाड पसरा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जुनी जाळी टाका. पत्रा रात्री कमी गार होतो, आतलं गळणं थांबतं. याला खर्च काहीच नाही.

जमेल तेव्हा पहाटे, दार उघडायच्या आधी, खुराड्यात वाकून आपलं नाक कोंबड्यांच्या दांडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर हवा कमी पडते आहे. उभं राहून वास घेऊ नका. कोंबडी तुमच्या उंचीवर झोपत नाही.

खालची गादी हा दुसरा मोठा मुद्दा. भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, जे मिळेल ते चार ते सहा इंच जाड पसरा. निफाडला भाताचं तूस महाग पडत असेल, टरफलं चालतील. दिवसाआड दाताळ्याने खालीवर करा. मूठभर गादी हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. तेवढा भाग काढून टाका, थोडा विरलेला चुना भुरभुरून कोरडा थर द्या. लाडू लगेच विस्कटला तर ठीक. पूर्ण गादी थंडीत उपसायची घाई करू नका, खालचा थर हळूहळू कुजताना थोडी ऊब देतो. उन्हाळ्याच्या तोंडी ती बाहेर काढून मुरवा, शेताला उत्तम खत होतं. पाण्याचं भांडं शक्य असेल तर रात्री आत ठेवूच नका. दिवसा ठेवाल ते कोंबडीच्या पाठीइतकं उंच ठेवा, म्हणजे सांडत नाही.

बसायच्या दांडीकडे कोणी बघत नाही. गोल सळई किंवा पाइप नको. दोन इंच रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेली लाकडी पट्टी आडवी लावा. कोंबडी बसली की तिची छाती बोटांवर येते आणि पाय उबदार राहतात. लोखंड रात्री गार पडतं. एका कोंबडीला आठ ते दहा इंच जागा धरा. गिरिराज वजनाला भारी, म्हणून दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. उंचावरून उडी मारून त्यांच्या तळव्यांना गळू होतात.

सासूबाईंच्या निखाऱ्यांबद्दल. पहाटेच्या गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं आहे, त्यामुळे सुचणं साहजिक आहे. पण बाग उघडी असते, धूर निघून जातो. खुराड्यात तो राहतो. आणि विझत आलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. सकाळी सगळ्या कोंबड्या दांडीखाली पडलेल्या सापडतील. शिवाय वर बारदान, खाली कोरडी टरफलं. एक ठिणगी पुरे. त्यांना दुखवू नका, पण पाटी आत जाऊ देऊ नका. पहाटे अंगणात शेकोटी करा आणि कोंबड्या सोडल्यावर ती राख एका टोपल्यात गार करून ठेवा. तिचा उपयोग पुढे सांगते.

मुलाच्या बल्बचे दोन भाग करायला हवेत, ऊब आणि उजेड. मोठ्या कोंबड्यांना उबेसाठी बल्ब लागत नाही. उलट रात्रभर बल्बखाली बसायची सवय लागली आणि पहाटे दोनला लाइट गेली, तर त्याच कोंबड्या जास्त गारठतात. उजेडाची गोष्ट निराळी आहे. अंडं देण्यासाठी कोंबडीच्या डोळ्यावर दिवसाला चौदा तास तरी प्रकाश पडावा लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो. शिवाय दिवाळीच्या आसपास जुन्या कोंबड्या पिसं टाकतात आणि नवी पिसं भरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंडी बंद ठेवतात. तुमची डिसेंबरातली तीन-चार अंडी बरीचशी यातूनच आली. आजारपणाने त्यात भर घातली असणार.

उजेड वाढवायचाच असेल तर पहाटे वाढवा. संध्याकाळी लाइट एकदम बंद झाली तर कोंबड्या अंधारात दांडी शोधत चाचपडतात. सात-नऊ वॉटचा साधा एलईडी पुरतो. पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला लावा, मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे आणत पहाटे चारपर्यंत या. दिवस उजाडला की बंद. पण एकदा सुरू केलं की रोज त्याच वेळी झालं पाहिजे. चार दिवस लावला, दोन दिवस लाइट नाही, असं झालं की कोंबड्या गोंधळून पुन्हा पिसं टाकतात. वस्तीवरच्या विजेचं वेळापत्रक तुम्हालाच माहीत. माझं मत विचाराल तर अठ्ठावीस कोंबड्यांसाठी हा खटाटोप करू नये. गावरान कोंबडी त्याला फारशी दाद देत नाही आणि थंडीतली विश्रांती तिच्या अंगी लागते.

त्याऐवजी खाण्याकडे लक्ष द्या. पिसं जवळजवळ पूर्ण प्रथिनांची बनलेली असतात. पिसं भरण्याच्या काळात नुसता मका आणि उष्टं-खरकटं टाकलं तर कोंबडी हाडकुळी होते. दहा किलो खाद्य घरी करायचं तर पाच किलो भरडलेला मका, अडीच किलो सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड, दीड-पावणेदोन किलो गव्हाचा कोंडा, सहा-सातशे ग्रॅम शिंपल्याची भरड आणि उरलेलं क्षारमिश्रण, असा साधारण हिशोब ठेवा. मोकळं फिरणाऱ्या कोंबडीला त्यातलं रोज सत्तर-ऐंशी ग्रॅम मिळालं तरी बाकीचं ती उकरून मिळवते. संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी मूठ-मूठ अख्खा मका किंवा बाजरी टाका. ती रात्रभर पोटात पचत राहते आणि अंगात ऊब धरते. सकाळी पहिलं पाणी कोमट द्या. गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी पडलं की खाणंही कमी होतं.

तुमच्या घरी खरिपाचा मका आणि सोयाबीन दोन्ही आलं असेल, म्हणून दोन गोष्टी बजावते. परतीच्या पावसात भिजलेला, दाण्याच्या मुळाशी काळा-हिरवा पडलेला मका “कोंबड्यांना चालेल” म्हणून बाजूला काढू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर बसतं, अंडी घटतात आणि लसही नीट लागू पडत नाही. दाताखाली टचकन फुटेल इतका वाळलेला मकाच खाऊ घाला. दुसरं, कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही. पेंडीवर प्रक्रिया झालेली असते, म्हणून पेंड चालते. चाळीतला सडका कांदाही उकिरड्यावरच जाऊ द्या. आणि छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांचा सपाटा असतो, त्या दिवसांत कोंबड्या बागेत सोडू नका. औषध लागलेलं तण आणि किडे त्या बिनदिक्कत खातात.

आता ती राख. खुराड्याजवळ उन्हाच्या जागी कोरडी माती आणि राख मिसळून एका जुन्या घमेल्यात ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा-पिसवा झडतात. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून बघा. तिथे पांढऱ्या लिखांचे गड्डे दिसले तर राखेवर भागणार नाही, डॉक्टरांकडून औषध आणा. लाल गोचीड दिवसा कोंबडीवर नसते, दांडीच्या भेगांत लपते आणि रात्री रक्त पिते. म्हणून आत्ता, दिवाळीच्या साफसफाईतच, दांड्या उन्हात टाका आणि भेगा चुन्याने भरून घ्या. जंताचं औषधही पावसाळा संपल्यावर आत्ताच द्यायचं.

तुम्ही नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याजवळ राहता. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं. थंडीत तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात, तुम्हीही बघायला जात असाल. जरूर जा. पण कोंबड्या आणि घरची बदकं पाणथळीच्या काठाला सोडू नका, आणि तिथून आलेल्या चपला खुराड्यात नेऊ नका. बर्ड फ्लूचे विषाणू रानबदकांच्या विष्ठेतून येऊ शकतात. २००६ मध्ये देशातली पहिली साथ आपल्याच नवापुरात आली. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या. घाबरवायचं नाही, अशी साथ रोज येत नाही. पण एक-दोन दिवसांत एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळे-काळे पडले, तर मेलेली कोंबडी कापून बघू नका, कालव्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. २००९ च्या कायद्याने हे कळवणं बंधनकारकही आहे.

रोज येणारा धोका आठवडे बाजाराचा आहे. न विकलेली कोंबडी संध्याकाळी परत खुराड्यात आली की दिवसभर शेजारच्या डालग्यांतून घेतलेलं सगळं बरोबर आणते. तिला आणि नव्या आणलेल्या कोणत्याही कोंबडीला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, पाण्याचं भांडंही वेगळं. यंदा कोणी शिंकताना दिसली तर तोच नियम. सर्दीतून बरी झालेली कोंबडी वरून ठणठणीत दिसली तरी जंतू पसरवत राहू शकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आजारातून उठलेल्या कोंबड्यांवर नजर ठेवा. मेडिकलमधून माणसाची गोळी आणून पाण्यात विरघळवू नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विचारून घ्या.

पिल्लांचं म्हणाल तर नोव्हेंबर टाळा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत न्यायची. निफाडच्या रात्री आणि वस्तीवरची वीज बघता ते अवघड आहे. फेब्रुवारीच्या शेवटी आणलीत तर थंडी ओसरलेली असते आणि तलंगा ऑगस्ट-सप्टेंबरात अंड्यावर येतात, म्हणजे थंडीत अंड्याचा भाव वाढतो तेव्हा तुमच्याकडे माल असतो. खडकी, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत आधी नोंदणी करावी लागते, तेवढा वेळही मिळेल.

तरी आणलीतच, तर पिल्लामागे दोन वॉट धरा. पन्नासांना एक शंभरचा बल्ब लावण्यापेक्षा साठचे दोन लावा, एक उडाला तरी दुसरा असतो. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंच गोल करा, कोपरा ठेवू नका, कारण पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर ऊब कमी, कडेला जाऊन चोच वासत असतील तर जास्त, सगळीकडे पसरून टिपत असतील तर बरोबर. लाइट गेली तर गरम पाण्याचे कॅन बारदानात गुंडाळून मध्ये ठेवा. आणि घरात एखादी गावरान खुडूक बसली असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, एकवीस दिवसांनी ती हे सगळं तुमच्यापेक्षा चांगलं करेल.

गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. तोडणी सुरू झाली की ते, मुंगसं आणि रानमांजरं वस्तीकडे सरकतात. कोंबड्यांची षट्कोनी जाळी मुंगूस वाकवतं, कुत्रं फाडतं. खालच्या दोन फुटांना वेल्डेड जाळी लावा, ती वीतभर जमिनीत पुरा आणि दिवेलागणीच्या आत कडी लावा.

राहिली लस, आणि ती थंडीच्या आधीच हवी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर अख्खं खुराडं रिकामं करून जाते आणि तिच्यावर औषध नाही. दोन महिन्यांवरच्या कोंबड्यांना आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचतात, पिल्लांना पहिल्या आठवड्यात त्याच रोगाच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. देवीची लसही सहा-आठ आठवड्यांच्या पुढे पंखाच्या पडद्यात देऊन घ्या. लस टोचल्यावर काही दिवस अंडी थोडी कमी होतील, तेवढं सोसा. अडचण एवढीच की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, तुमच्या अठ्ठावीस कोंबड्यांसाठी फोडली तर बाकी वाया जाते, कारण पातळ केलेली लस तास-दोन तासांतच संपवावी लागते. म्हणून वस्तीवरच्या चार-पाच घरांना आधी विचारा, सगळ्यांच्या कोंबड्या मोजा आणि दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना एकच दिवस ठरवून बोलवा. लस बर्फाच्या डब्यातूनच आली पाहिजे. शिंकणारी किंवा मलूल कोंबडी त्या दिवशी बाजूला ठेवा. वेळ सकाळी लवकरची ठेवा, आणि तोवर कोणाच्याही खुराड्याचं दार उघडू देऊ नका. एकदा सोडल्या की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत.